लाल वाईन, कोरडी माती आणि आपण



केळीचा इतिहास आम्ही या कार्यक्रमात सांगितला, भरताच्या वांग्याचाही सांगितला. त्यानंतर नाशिकला लेकीकडे राहून आलेल्या एका मावशींनी आम्हाला सरळ विचारलं, "मग त्या द्राक्षाच्या लाल वाईनचा का नाही सांगत? की बायकांनी त्यावर बोलायचं नसतं?" गटात थोडी कुजबुज झाली. दारूपायी कितीजणींच्या संसाराची राख झाली, हे आपल्या गावांत कुणाला सांगायला नको. पण बोलायचं नाही म्हटल्यानं कोणती गोष्ट गावाबाहेर राहते, असं कधी झालेलं नाही. म्हणून आजचं भाषण लाल वाईनवर. ती कशी होते, कुठे पिकते, कशासोबत घेतात आणि आपल्या मुलखाचा तिच्याशी काय संबंध, हे सगळं बोलू.

संबंध आहे, आणि जुना आहे. यावलहून रावेरवरून पुढे निघालं की दीड-दोन तासांत बऱ्हाणपूर येतं. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून त्यानं या मुलखाचं नाव 'दानदेश' ठेवलं. नाव टिकलं नाही आणि शहजादाही टिकला नाही. दानियालला दारूचं व्यसन इतकं जडलं होतं, की बापानं त्याच्यावर पहारा बसवला आणि दारू बंद केली. तेव्हा त्याच्या माणसांनी बंदुकीच्या नळीत दारू भरून ती चोरून आत नेली. नळीतला गंज आणि बारुदीचा अंश त्या दारूत उतरला. ती प्यायला आणि बऱ्हाणपुरातच मेला. ही हकिगत त्याचा सावत्र भाऊ जहांगीर यानंच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्या बंदुकीचं नाव दानियालनंच हौसेनं ठेवलं होतं. त्याचा अर्थ होता, जिला ही लागेल तिची तिरडीच उठेल.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर १६१५ मध्ये, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपुरात आला. ती वाट थाळनेर, चोपडा, रावेर अशी आपल्याच गावांवरून जायची. बऱ्हाणपुरात तेव्हा जहांगीरचा मुलगा परवेझ सुभेदार होता. रोनं त्याला भेटींमध्ये बाटल्यांची एक पेटी दिली. दरबार आटोपल्यावर आत खासगीत भेटू, असं शहजादा म्हणाला. रो बाहेर ताटकळत बसला. शेवटी निरोप आला की आज भेट होत नाही. पेटीतल्या बाटल्यांनी शहजाद्याला आडवं केलं होतं. हा परवेझही १६२६ मध्ये बऱ्हाणपुरातच गेला, आणि त्याच्या मरणाचं कारणही दारूच सांगतात.

राजवाड्याच्या या गोष्टी आम्ही गंमत म्हणून सांगत नाही. जहांगीर स्वतःबद्दल जे लिहितो ते जास्त कामाचं आहे. तो म्हणतो, सुरुवात द्राक्षाच्या वाईननं झाली. मग वाईन चढेनाशी झाली, म्हणून गाळलेली दारू धरली, आणि ती दिवसाला वीस प्याल्यांवर गेली. आंबवलेली वाईन आणि गाळलेली दारू यांतला फरक चारशे वर्षांपूर्वीच्या त्या बादशहाला नीट ठाऊक होता. एकीवरून दुसरीवर माणूस कसा जातो, तेही ठाऊक होतं.

हा फरक आधी समजून घेऊ. बिबड्यांसाठी आपण ज्वारी भिजवून आंबवतो. द्राक्षाचा रसही तसाच आंबतो. द्राक्षातली साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचा अल्कोहोल करतात. तेवढ्यावर थांबलं की वाईन. तिच्यात शंभराला बारा ते चौदा भाग अल्कोहोल असतो. तोच आंबलेला रस भट्टीवर चढवून वाफ गार केली, की गाळलेली दारू. ब्रँडी अशीच होते आणि मोहाचीही अशीच होते. तिची तीव्रता दुप्पट, तिप्पट, त्याहूनही जास्त असते.

आता लाल रंग कुठून येतो? काळं द्राक्ष सोलून बघा, आतला गर पांढुरकाच असतो. रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाईन करताना रस सालींसकट आंबवतात, आठवडा-दहा दिवस. पांढऱ्या वाईनला साल आधीच काढून टाकतात. सालीतून आणि बियांतून रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. कच्चं केळं चावल्यावर जीभ जशी आखडते, तोच हा तुरटपणा, आणि त्यामागचं द्रव्यही त्याच जातीचं, टॅनिन. केळीच्या तालुक्यातल्या बाईला लाल वाईनची ही गोष्ट दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल. चांगल्या लाल वाईनमध्ये हा तुरटपणा, थोडा आंबटपणा आणि फळाचा वास यांचा मेळ बसलेला असतो. गोडवा जवळपास नसतो, कारण साखर यीस्टनं खाऊन टाकलेली असते. वाईन म्हणजे गोड सरबत असेल असं समजून पहिला घोट घेणारी बाई तोंड वाकडं करते, त्याचं कारण हेच.

आपल्या राज्यात लाल वाईनसाठी जी द्राक्षं लावतात त्यांत शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या जाती मोठ्या. शिराझची वाईन गडद जांभळट असते. तिला पिकल्या जांभळाचा वास येतो आणि मागून काळ्या मिऱ्याचा झणका येतो. मिऱ्यात जे वासाचं द्रव्य असतं तेच या द्राक्षाच्या सालीत सापडलेलं आहे, त्यामुळे ही कल्पनेची भरारी नव्हे. कॅबर्ने अधिक तुरट, अधिक ताठ, आणि कधी कधी तिला ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास येतो. शिराझ हे इराणातल्या एका शहराचंही नाव आहे. तिथल्या वाईनची मोगल दरबारात मोठी ख्याती होती, म्हणून पुष्कळांना वाटतं की हे द्राक्ष तिकडचंच. पण १९९८ मध्ये झालेल्या डीएनए तपासणीत या द्राक्षाचे आईबाप फ्रान्सच्या आग्नेय भागातले निघाले. नावावरून कूळ ठरवू नये, द्राक्षाचंसुद्धा.

द्राक्षाला जमीन कसदार लागते, पाणी भरपूर लागतं, असं आपल्याला केळीच्या सवयीनं वाटतं. वाईनच्या द्राक्षाचं उलटं आहे. त्याला थोडं उपाशी ठेवावं लागतं. पाऊस फळ पिकण्याच्या वेळी नको, हवा कोरडी हवी, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा हवा. उन्हानं साखर भरते. रात्री गार पडलं की फळातला आंबटपणा जळून जात नाही आणि सालीचा रंग गडद होतो. म्हणून जगातल्या नावाजलेल्या लाल वाईनींपैकी काही चक्क वाळवंटात पिकतात, पण थंड वाळवंटात.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना देशात मेंडोझा नावाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिमेला अँडीज पर्वत उभा आहे. समुद्राकडचे ढग तो अडवतो आणि पलीकडे मेंडोझात वर्षाला कसाबसा २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या यावलला याच्या तिप्पट पडतो तरी आपण रडतो. जमीन मात्र उंचावर, बऱ्याच बागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास. त्यामुळे दिवस तापतो आणि रात्री हुडहुडी भरते. पाणी येतं पर्वतावरच्या बर्फाचं, पाटांनी. हे पाट स्पॅनिश लोक येण्याच्या आधीपासून तिथल्या हुआर्पे आदिवासींनी खोदलेले. धुळे-साक्रीकडच्या ऐकणाऱ्या बहिणींना इथे आपली पांझरेकाठची फड पद्धत आठवेल. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि सगळ्या गावानं पाळीनं वाटून घेतलेलं पाणी. तिकडे त्या पाटांवर द्राक्ष पिकलं, इकडे ऊस आणि गहू.

मेंडोझात १८५३ मध्ये पूजे नावाचा एक फ्रेंच कृषितज्ज्ञ सरकारी रोपवाटिकेसाठी फ्रान्सची कलमं घेऊन आला. त्यांत माल्बेक नावाचं एक काळं द्राक्ष होतं. फ्रान्समध्ये ते दुय्यम समजलं जायचं. या थंड वाळवंटात मात्र ते असं पिकलं, की आज माल्बेक म्हटलं की लोकांना अर्जेंटिना आठवतो. त्याची वाईन काळपट जांभळी, आलुबुखाऱ्याच्या वासाची, तुरटपणा मऊसर. तिकडचे लोक ती निखाऱ्यावर भाजलेल्या मांसासोबत घेतात. आणि तिथल्या शेतकऱ्याचं सगळ्यात मोठं भय कोणतं असेल? गारपीट. तिनं बागा झोडपू नयेत म्हणून वेलींवर जाळ्या टाकतात. गारांनी केळीची पानं चिंध्या झालेली बघितलेल्या आपल्या बायांना ते वेगळं समजवायला नको.

आपलं नाशिक काही वाळवंट नाही. पण त्याच धाटणीचं थोडंसं आहे. सह्याद्रीच्या अंगावर इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला सिन्नर-निफाडकडे येईतो तो ५००-६०० वर येतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आपण तापीच्या खोऱ्यात दोन-सव्वादोनशेवर. निफाडला थंडीत पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतातच. फरक एवढाच की युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात पिकून सप्टेंबरात खुडतात आणि आपल्याकडे ते थंडीत पिकवावं लागतं. उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमाराला, खरड छाटणी करायची. पावसाळा वेलीला नुसत्या पानांवर काढू द्यायचा. मग पाऊस सरला की फळाची छाटणी करायची, आणि जानेवारी ते मार्चमध्ये घड खुडायचे. ऊन पेटायच्या आत रस टाकीत गेला पाहिजे. उष्ण देशात थंड देशाचं फळ पिकवायची ही युक्ती आहे, आणि ती शेतकऱ्यांनी खाण्याच्या द्राक्षावर आधीच साधलेली होती.

महाराष्ट्रात आजच्या धाटणीची वाईन १९८० च्या दशकात आली. पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांनी कारखाना काढला. तिथे फेसाळणारी वाईन तयार झाली आणि 'ओमर खय्याम' नावानं परदेशात विकली गेली. नाशिकचं नाव पुढे आलं ते राजीव सामंत यांच्या 'सुला'मुळे. गंगापूर धरणाजवळच्या त्यांच्या बागेतली पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. लगेच पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. राज्यातल्या द्राक्षापासून केलेल्या वाईनला उत्पादन शुल्क माफ झालं. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. दिंडोरी, निफाडकडे कारखाने भराभर उभे राहिले, आणि शेतकऱ्यांना सांगितलं गेलं की वाईनची द्राक्षं लावा, करार करून घेऊ.

इथे एक बारकी गोष्ट आहे आणि ती भाषणांत कुणी सांगत नाही. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं. ते बाजारात खायला कुणी घेत नाही, आणि त्याचा धड बेदाणाही होत नाही. कारखान्यानं घेतलं तरच त्याचे पैसे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर आणि मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वाईनचा खप बसला, टाक्या भरलेल्या राहिल्या. कारखान्यांनी हात वर केले आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. एकाच गिऱ्हाइकावर उभं पीक कसं असतं, ते तेव्हा कळलं.

बायांच्या मजुरीचंही असंच. खाण्याच्या द्राक्षाला घडाची विरळणी, औषधात घड बुडवणं, पुन्हा विरळणी अशी हाताची कामं खूप. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी बाया त्यासाठी टोळ्यांनी दिंडोरी-निफाडला येतात. वाईनच्या द्राक्षाला घड मोठा आणि देखणा करायचा नसतो, त्यामुळे यांतली बरीच कामं लागतच नाहीत. शेतकऱ्याचा खर्च वाचतो, खरं आहे. वाचलेला तो खर्च म्हणजे कुणाचा तरी रोज असतो.

आता जेवणाकडे वळू, कारण मावशींचा खरा प्रश्न तोच होता. लेकीच्या घरी कुणीतरी लाल वाईन शेवभाजीबरोबर घेतली आणि तोंड पोळलं म्हणून वाईनला नावं ठेवली. दोष वाईनचा नाही. तिखटावर अल्कोहोल आणि तुरटपणा पडला की तिखट आणखी भडकतं. काळ्या मसाल्याची, वर तर्री असलेली शेवभाजी आणि तुरट कॅबर्ने, ही जोडी म्हणजे दोन तापट जावा एका चुलीवर. लाल वाईनला जोडीला स्निग्ध आणि प्रथिनांचं अन्न लागतं, कारण तुरटपणा त्यांना जाऊन चिकटतो आणि जिभेला सोडतो. म्हणून तिकडे मांस आणि चीज. आपल्याकडे काळ्या मसाल्याचं मटण शिराझबरोबर चालतं, पण तिखट निम्म्यावर आणलं तर. मसाल्यातलं भाजलेलं खोबरं, मिरी, लवंग यांचं शिराझच्या मिऱ्याशी जमतं.

आमच्या मते सगळ्यात चांगली जोडी भरताची. बामणोदकडची हिरवी, कमी बियांची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली, ठेचलेली हिरवी मिरची जरा हात राखून, शेंगदाणे, कांद्याची पात आणि वरून तेल. धूर आहे, तेल आहे, दाण्याची प्रथिनं आहेत. लाल वाईन निखाऱ्याच्या वासाबरोबर खुलते, हे मेंडोझाच्या लोकांना जसं ठाऊक तसं आपल्याला भरतावरून कळतं. सोबत कळण्याची भाकरी. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस यांच्या वाटेला मात्र लाल वाईननं जाऊ नये. गोडापुढे ती नुसती आंबट आणि कडवट लागते. आणखी एक. लाल वाईन घरातल्या उष्णतेवर प्यायची असते असं पुस्तकांत लिहितात. ते घर युरोपातलं, १६ ते १८ अंशांचं. यावलच्या मे महिन्यातल्या घराची उष्णता त्यात धरलेली नाही. तिथे बाटली उघडी ठेवली तर चार दिवसांत तिचा शिरका होतो.

इतकं चवीचं बोलल्यावर हिशोबाचंही बोललं पाहिजे. "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा ते गावोगाव फिरलं. द्राक्ष उत्पादकांचं भलं होईल म्हणून निर्णय, असं सांगितलं गेलं. विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, लोकांच्या हरकती मागवल्या गेल्या आणि ते प्रकरण तिथेच अडलं. आपण पाटीवर गणित मांडू. वाईनचा एक पेला १५० मिलिलिटरचा, त्यात १३ टक्के अल्कोहोल, म्हणजे साडेएकोणीस मिलिलिटर. व्हिस्कीचा ४५ मिलिलिटरचा पेग, त्यात ४२.८ टक्के, म्हणजे सव्वाएकोणीस. दोन्ही जवळजवळ सारखेच. फरक पिण्याच्या वेगात आहे, सोबतच्या जेवणात आहे, बाटलीच्या किमतीत आहे. यकृताला तो फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं कोणतंच प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. लाल वाईन हृदयाला चांगली म्हणून रोज घ्या, असं कुणी सांगत असेल तर त्याला हे ऐकवा.

आणि कायद्यानं फरक केला तो कुणासाठी, हेही बघा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं इंग्रजांनी घरची भट्टी गुन्हा ठरवली आणि दारू ठेकेदाराकडून विकत घ्यायला लावली. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांत मोहाची दारू देवाला, लग्नाला, मयताला लागायची. ती एका फटक्यात चोरीची झाली. ठेकेदाराच्या गुत्त्यात उधारी चढली आणि जमिनी गेल्या. म्हणून १९३८ मध्ये तळोद्याकडे गुलाम महाराजांनी एकमेकांना 'आप' म्हणा, दारू सोडा, असं सांगितलं, तेव्हा आरतीला हजारोंनी आदिवासी जमले. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे, परवान्यांनी सैल केलेला. द्राक्षाच्या टाकीला त्यात धोरण मिळालं, मोहाच्या मडक्याला धाड.

त्याच कायद्याखाली २००८ च्या आदेशानं आपल्यालाही एक हत्यार मिळालं आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की गुप्त मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हेत, यादीतल्या सगळ्या महिलांच्या निम्म्याहून जास्त, हे नीट ध्यानात ठेवा. बऱ्याच गावांत बाया जिंकत जिंकत हरल्या त्या यादीतल्या गैरहजर आणि सासरी गेलेल्या नावांमुळे. म्हणून अर्जाच्या आधी यादी तपासायची.

शेवटी एक योगायोग. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेश सरकारनं २०२२ मध्ये मोहाच्या दारूला 'हेरिटेज मदिरा' म्हणून मान्यता दिली आणि ती करायचं काम आदिवासी बचत गटांकडे दिलं. त्यातलं एक ठिकाण अलीराजपूर, दुसरं दिंडोरी. आपल्या नाशिकच्या दिंडोरीत शिराझ पिकतं, त्यांच्या दिंडोरीत मोह गाळला जातो, आणि दोन्हीकडे बाटलीवर लेबल आहे. मधल्या आपल्या डोंगरात मार्च-एप्रिलच्या पहाटे बाया मोहाखाली वाकून फुलं वेचतात, वाळवतात आणि व्यापारी सांगेल त्या भावाला देऊन टाकतात. पुढच्या भागात या मोहाच्या फुलाचे लाडू, भाकरी आणि भाव याबद्दल बोलू. तोवर त्या फुलांचा या वर्षीचा दर तुमच्या पाड्यावर काय मिळाला, ते आम्हाला जरूर कळवा.